रानातील कोल्ह्यांना लस

जलसंत्रास, म्हणजेच रेबीज, हा अतिशय भयंकर रोग आहे. त्याची लक्षणे एकदा दिसू लागली, की रोगी बहुधा वाचत नाही. पिसाळलेल्या प्राण्याच्या लाळेतून तो पसरतो. म्हणून असे प्राणी समूळ मारून टाकावेत, असे माणसास वाटते. परंतु भीतीच्या भरात सुचलेला उपाय योग्य ठरतोच असे नाही. युरोप खंडातील एक उदाहरण या दृष्टीने मननीय आहे.

दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास पूर्व युरोपातील तांबड्या कोल्ह्यांत हा रोग फैलावला व हळूहळू पश्चिमेकडे सरकला. १९६७ साली तो स्वित्झर्लंडमध्ये पोहोचला. लोकांनी बंदुका उचलल्या. बिळांत विषारी वायू सोडला. पुष्कळ कोल्हे मेले, त्यांच्याबरोबर बिळांत राहणारे निरुपद्रवी प्राणीही मेले. रोग मात्र हटला नाही. एक कोल्हा मेला, की त्याचे रान मोकळे होते. लवकरच दुसरीकडचा तरुण कोल्हा तेथे येतो आणि कधी कधी रोगही बरोबर आणतो.

'रानटी जनावरास पकडून सुई टोचणार कोण?' असे कोणी विचारील. शास्त्रज्ञांनी याचे उत्तर कोल्ह्याच्या भुकेतच शोधले. १९७८ साली स्वित्झर्लंडमधील ऱ्होन नदीच्या खोऱ्यात त्यांनी कोंबड्यांची मुंडकी ठेवली. प्रत्येकात पातळ लशीची लहानशी पिशवी दडविलेली होती. कोल्ह्याने घास चावला, की पिशवी फुटे, लस तोंडात पसरे आणि त्याच्या अंगी प्रतिकारशक्ती येई. असे कोल्हे आपापल्या रानात नांदत राहिले आणि रोगाची वाट खोऱ्याच्या मुखाशीच अडली. पुढे इतर देशांनीही हा मार्ग पत्करला. विमानांतून आमिषे टाकली. कोल्ह्यांमधील हा रोग स्वित्झर्लंडमधून १९९९ साली, तर जर्मनीतून २००८ साली नाहीसा झाल्याचे जाहीर झाले.

या कामास पैसा लागतो आणि त्याहून अधिक चिकाटी लागते. मध्येच खंड पडला, तर रोग पुन्हा डोके वर काढतो. तरीही हाच मार्ग श्रेयस्कर होय. भारतात हा रोग मुख्यतः कुत्र्यांमुळे पसरतो. तेथेही न्याय हाच. गोव्यात कुत्र्यांना लस टोचण्याची मोठी मोहीम झाली आणि २०२१ साली ते राज्य रेबीज-नियंत्रित म्हणून घोषित झाले.

पिसाळलेला प्राणी हा त्या रोगाचा पहिला बळी असतो. निरोगी प्राण्यांना वेळीच लस देऊन वाचविणे, यातच माणसाचेही रक्षण आहे. येथे दया आणि शहाणपण एकाच वाटेने चालतात.