पंचवीस तासांचा दिवस

दोस्तांनो, दिवसाचे तास किती? ‘हा काय प्रश्न झाला! चोवीस!’ असं तुम्ही एका सुरात ओरडाल. आणि लगेच तक्रारही सुरू कराल, की शाळा, क्लास आणि गृहपाठ यांतून खेळायला वेळच उरत नाही. (आईबाबांची तक्रार याहून मोठी असते, पण ती ऐकायला कुणाला वेळ आहे?) पण जगात एक जागा अशी आहे, की तिथे दिवस खरोखर २५ तासांचा असतो. एकच दिवस नव्हे, आठवड्यातले चक्क पाच दिवस! फक्त ही जागा एका ठिकाणी थांबत नाही. ती पाण्यावरून चालत असते.

ही जागा म्हणजे ‘क्वीन मेरी २’ हे जहाज. फ्रान्समधल्या सँ-नाझेर इथल्या गोदीत ते बांधलं आणि जानेवारी २००४ मध्ये ते पहिल्या सफरीला निघालं. लांबी ३४५ मीटर. तुमच्या शाळेतली १०० मीटरची धावपट्टी तीनदा एकापुढे एक मांडली, तरी जहाजाचं टोक पुढे उरेलच. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टन बंदरातून निघायचं, अटलांटिक महासागर ओलांडायचा आणि न्यूयॉर्कला पोचायचं, हे त्याचं मुख्य काम. या प्रवासाला सात रात्री लागतात. विमानानं हेच अंतर सात-आठ तासांत कापता येतं. १९३८ साली याच नावाच्या जुन्या ‘क्वीन मेरी’नं तर चार दिवसांच्या आत अटलांटिक पार केला होता. मग नवं जहाज हळू का जातं? कारण आता घाई असलेली माणसं विमानानं जातात. जहाजावर येतात ती मुद्दाम वेळ घालवायला! शिवाय जहाज सावकाश चाललं की इंधनही वाचतं.

आता त्या जादा तासाची गंमत. पृथ्वी २४ तासांत स्वतःभोवती ३६० अंश फिरते, म्हणजे तासाला १५ अंश. इंग्लंडपासून न्यूयॉर्क सुमारे ७२ अंश पश्चिमेला आहे. ७२ला १५नं भागा. जवळजवळ पाच आले ना? म्हणून दोन्ही ठिकाणच्या घड्याळांत पाच तासांचा फरक पडतो. विमानातून जाणाऱ्याला हे पाच तास एकदम गिळावे लागतात, मग तो न्यूयॉर्कच्या भर दुपारी जांभया देतो. जहाज मात्र पाच रात्री एकेक तास घड्याळ मागे घेतं. म्हणजे रोज रात्री एक तास जास्त झोप, तीही फुकट.

सकाळी उठून डेकवर आलात, की चारी बाजूंना काय दिसतं? पाणी. डावीकडे पाणी, उजवीकडे पाणी. झाड नाही, डोंगर नाही, दुसरं जहाजसुद्धा क्वचितच. ‘हात्तिच्या, यात बघायचं काय?’ असं म्हणू नका. चौपाटीवर उभं राहिल्यावर तुम्हांला जेमतेम चार-साडेचार किलोमीटरपर्यंतचा समुद्र दिसतो. पृथ्वी गोल असल्यामुळे त्यापलीकडचं पाणी खाली वळतं. जितकं उंच चढाल, तितकं क्षितिज लांब जातं. पाण्यापासून २५ मीटर उंचीवरच्या डेकवरून ते सुमारे १८ किलोमीटरवर असतं. म्हणजे तुमच्याभोवती एक हजार चौरस किलोमीटरचं पाण्याचं ताट मांडलेलं असतं. सगळी मुंबई, उपनगरांसकट, त्यात बसेल आणि वर जागा उरेल! आणि या ताटाच्या बरोबर मध्ये सतत तुम्ही. दिवसभर चाललात तरी मध्येच.

बाकी जहाजावर करमणुकीला तोटा नाही. पोहण्याचे तलाव आहेत, नाटकगृह आहे, हजारो पुस्तकांचं ग्रंथालय आहे, चक्क तारांगणसुद्धा आहे. खाण्याबद्दल तर मी लिहीतच नाही, उगीच तुमच्या तोंडाला पाणी सुटायचं. मला स्वतःला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे वरच्या डेकवरची कुत्र्यांची खोली. या प्रवासात मालकांबरोबर कुत्री-मांजरीही येऊ शकतात. आता कुत्र्याला फिरायला नेलं की त्याला खांब लागतोच, हे तुम्हांला ठाऊक आहे. म्हणून तिथे एक इंग्लंडच्या पद्धतीचा दिव्याचा खांब उभा केलाय आणि शेजारी न्यूयॉर्कच्या रस्त्यावर असतो तसा आग विझवण्याच्या पाण्याचा नळ. दोन्ही देशांच्या कुत्र्यांची सोय!

दुपारी बाराला भोंगा वाजतो. साधासुधा नव्हे, दहा मैलांवर ऐकू जाणारा. जहाजावरच्या भोंग्यांपैकी एक तर १९३६ साली सुरू झालेल्या जुन्या ‘क्वीन मेरी’चाच आहे. मग ध्वनिक्षेपकावरून घोषणा होते : आपण कुठे आहोत, समुद्र किती खोल आहे, वेग किती नॉट आहे. नॉट म्हणजे गाठ. पूर्वी खलाशी ठरावीक अंतरावर गाठी मारलेली दोरी पाण्यात सोडत आणि ठरलेल्या वेळात हातातून किती गाठी सरकल्या ते मोजत. दोरी केव्हाच गेली, पण गाठ शब्दात राहिली. एक नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल, म्हणजेच १,८५२ मीटर. जहाज २१ नॉटनं चाललं, तर २४ तासांत किती किलोमीटर जाईल, ते करून पाहा. (नऊशेच्या वर आलं तर गणित बरोबर.)

‘पण बोट लागली तर?’ हा प्रश्न आजीचा असणार. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून कोकणात आणि गोव्याला आगबोटी जायच्या, तेव्हापासून हा शब्द आपल्या भाषेत आहे. आजी-आजोबांना विचाराल तर एखादी आठवण नक्की निघेल. बोट लागते ती डोळे आणि कान यांच्या भांडणामुळे. कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग सांगतो, ‘आपण हलतोय!’ आणि केबिनच्या चार भिंती बघून डोळे सांगतात, ‘छे, सगळं जागच्या जागी आहे!’ मेंदूचा गोंधळ उडतो आणि शिक्षा बिचाऱ्या पोटाला. उपाय सोपा : मोकळ्या डेकवर यायचं आणि क्षितिजाकडे बघायचं, म्हणजे डोळ्यांनाही हलणं कळतं. आल्याचाही उपयोग होतो, तेव्हा आलेपाकाची वडी जवळ असू द्या. शिवाय या जहाजाला माशाच्या परांसारखे चार पंख आहेत. समुद्र खवळला की ते पाण्याखाली बाजूंना उघडतात आणि डोलणं बरंच कमी करतात.

आता थोडं गंभीर. याच वाटेवर न्यूफाउंडलंडच्या दक्षिणेला थंड आणि उबदार प्रवाह एकमेकांना भेटतात. तिथे धुकं इतकं दाट होतं, की डेकवरून समोरचं दिसत नाही. मग तो मोठा भोंगा दर दोन मिनिटांच्या आत एकदा, असा वाजत राहतो. प्रवासी गादीवर पडून गोष्टीचं पुस्तक वाचत असतात. खाली, पावणेचार किलोमीटर खोल, याच भागात ‘टायटॅनिक’ पडलेलं आहे.

१४ एप्रिल १९१२च्या रात्री ते हिमनगाला धडकलं. जहाजावर २,२००हून अधिक माणसं होती आणि जीवरक्षक नावांमध्ये जागा होती फक्त १,१७८ जणांची. दीड हजारांच्या आसपास माणसं गेली. फार लांब नसलेलं ‘कॅलिफोर्नियन’ नावाचं एक जहाज बर्फामुळे थांबून होतं. पण त्याचा एकुलता एक बिनतारी यंत्रचालक दिवसभर काम करून थोड्याच वेळापूर्वी झोपला होता. मदतीची हाक त्यानं ऐकलीच नाही.

म्हणून १९१४ साली लंडनला अनेक देश एकत्र बसले आणि त्यांनी नियम लिहिले. प्रत्येक माणसासाठी नावेत जागा हवी. मोठ्या प्रवासी जहाजांवर बिनतारी संदेश रात्रंदिवस ऐकले गेले पाहिजेत. हिमनगांवर गस्त हवी. ती गस्त अमेरिकेचं तटरक्षक दल अजून घालतं. पुढे १३ जानेवारी २०१२ रोजी इटलीच्या किनाऱ्याजवळ ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ हे जहाज खडकावर आपटलं आणि ३२ माणसं दगावली. त्याच दिवशी चढलेल्या अनेक प्रवाशांना संकटात कुठं जमायचं याची तालीमच मिळाली नव्हती. मग नियम झाला : तालीम आधी, जहाज नंतर सुटणार. सात छोटे भोंगे आणि एक लांब भोंगा ऐकला की ठरलेल्या जागी जायचं, हे प्रवाशांना आधीच सांगितलं जातं. काही प्रवासी तालमीच्या वेळी कंटाळून जांभया देतात म्हणे. तुम्ही देऊ नका.

आणखी एक सांगायचं राहिलं. जहाजावर सुमारे २,७०० प्रवासी मावतात आणि त्यांच्यासाठी जवळपास १,२५० माणसं काम करतात. बंदर आलं की प्रवासी फिरायला उतरतात आणि जहाज रिकामं होतं. भर समुद्रात मात्र सगळे जहाजावरच! म्हणजे प्रवाशांचा आरामाचा दिवस हा स्वयंपाकी, वाढपी, धुलाईवाले यांचा धावपळीचा दिवस. त्यांना रविवारचीही सुट्टी नसते आणि घर कित्येक महिने दिसत नाही. निदान दिवसातून दहा तास विश्रांती मिळालीच पाहिजे, एवढा आंतरराष्ट्रीय नियम आहे. आपल्या गोव्यातल्या आणि कोकणातल्या कितीतरी घरांमधली माणसं पिढ्यान्‌पिढ्या अशा जहाजांवर नोकरी करत आली आहेत. गोव्यात त्यांना ‘तारवोटी’ म्हणतात. तुमच्या वर्गातही एखाद्याचे बाबा किंवा काका बोटीवर असतील. ते सुट्टीवर आले, की समुद्र कसा होता हे तर विचाराच, पण तुम्ही कधी झोपत होता, हेही विचारा.

आता जाता जाता एक कोडं. पश्चिमेकडे जाताना दिवस २५ तासांचा होतो. न्यूयॉर्कहून परत पूर्वेकडे येताना घड्याळ एकेक तास पुढे करावं लागतं. समजा, तुमचा वाढदिवस भर समुद्रात आला. तर जाताना आलेला चांगला की येताना आलेला, आणि फरक किती तासांचा? एक म्हणालात तर पुन्हा मोजा!