ऐकणाऱ्याचे उत्तरदायित्व

समाज कशाचा बनतो? ‘माणसांचा’, हे उत्तर सहज सुचते. जर्मन समाजशास्त्रज्ञ निकलस लूमान (१९२७–१९९८) यांच्या मते समाज ही संवादाची व्यवस्था आहे. माहिती, तिचे कथन आणि तिचे आकलन हे तिन्ही जुळले की संवाद घडतो आणि त्यातूनच पुढचा संवाद जन्म घेतो.

या विचाराचा भयंकर पडताळा खानदेशाला १ जुलै २०१८ रोजी आला. धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे, आठवडी बाजाराच्या दिवशी, नाथपंथी डवरी गोसावी समाजातील ५ भिक्षेकऱ्यांना जमावाने ठेचून मारले. मुले पळविणाऱ्या टोळीची अफवा भ्रमणध्वनींवरून आधीच पसरली होती. ज्याच्या झोळीत पिढ्यान्‌पिढ्या मूठभर धान्य पडे, त्याची हाक तीच होती. अफवेने तिचा अर्थ मात्र पालटला होता.

त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी ५ ठिकाणीच संदेश पुढे पाठविण्याची मर्यादा जाहीर केली. यंत्राला असा लगाम घालता येतो. आकलनाचे काम माणसाकडेच राहते. जळगाव-धुळ्याच्या बाजारांत पुन्हा अनोळखी भिक्षेकरी येतील, तेव्हा ‘थांबा, आधी विचारू’ असे म्हणणारा एक तरी शिक्षक, सरपंच वा शेजारी तेथे उभा असला पाहिजे.