चेहरा वाचायला शिकवताना

वर्षाचे बाळही आईचा चेहरा वाचते. १९८५ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात बाळांना जाड काचेवरून रांगत आईकडे जायचे होते. काचेखाली खोलगट भाग दिसत होता. आई हसली तेव्हा १९ पैकी १४ बाळे गेली. ती घाबरलेली दिसली तेव्हा १७ पैकी एकही नाही.

पुढे मुले गोंधळतात ती पुष्कळदा मोठ्यांमुळेच. कपाळाला आठ्या घालून आई म्हणते, "कुठं काय, काही नाही!" मुलाने खरे काय मानायचे? "दमलेय रे, तुझ्यावर नाही रागावले," एवढे सांगावे. टीव्हीचा आवाज बंद करून कोण रुसले, कोण घाबरले, हे ओळखण्याचा खेळही खेळावा. मालिकांतले चेहरे जरा भडकच असतात, पण नवशिक्याला तेच सोयीचे.