फोटोच्या मागे काय लिहिले आहे?



गेल्या दिवाळीच्या साफसफाईत आमच्या माळ्यावरून पत्र्याची एक ट्रंक खाली उतरली. तिच्यात काळ्या कागदाचा जुना अल्बम होता. मुलाने विचारले, "हे सगळे कोण? टाकून द्यायचं का?" गणवेशातला तो सडपातळ तरुण म्हणजे आमचे वडील, नाना, हे ओळखायला आम्हालाही थोडा वेळ लागला.

नाना मिलिटरीत होते, एवढेच आम्हा भावंडांना ठाऊक होते. आम्हाला आठवतात ते टेलिफोन खात्यातून संध्याकाळी सायकलवर घरी येणारे आणि गणेशोत्सवात मंडपाची वायरिंग तपासणारे नाना. महूवरून आम्ही कितीदा पाताळपाणीला सहलीला गेलो. "इथे मी शिकलो" असे ते एकदाही म्हणाले नाहीत. २०१६ साली ते गेले.

मग आम्ही अल्बम घेऊन आईजवळ बसलो. टोपीच्या बिल्ल्यावर रोमन लोकांचा देवदूत मर्क्युरी होता, म्हणजे सिग्नल कोअर. बाहीवरच्या फितींनी पुढचे सांगितले: एक असेल तर लान्सनायक, दोन नायक, तीन हवालदार. फोटोंच्या मागे आईचे अक्षर होते. एकावर "जबलपूर, १९६२". सिग्नलच्या जवानांचे प्रशिक्षण तिथे होते. दुसऱ्यावर "९९ एपीओ, जानेवारी १९७२". सैनिकाच्या पत्त्यात गावाचे नाव नसते. पूर्वेकडच्या तुकड्यांचे टपाल कोलकात्यामार्फत ९९ एपीओ या पत्त्यावर जाते, तर ५६ एपीओचे दिल्लीमार्फत. म्हणजे १९७१ च्या युद्धात नाना पूर्व आघाडीवर होते. ट्रंकेच्या तळाशी एका रुमालात 'पूर्वी स्टार' हे पदक निघाले, तेव्हा शंका उरली नाही. पश्चिम आघाडीवर लढलेल्यांना 'पश्चिमी स्टार' मिळाले होते.

एका फोटोत वायरलेस सेटजवळ तिघे जण उभे आहेत. आई म्हणाली, "मधला परत आला नाही. त्याच्या घरी पत्र ह्यांनीच लिहिलं. चार दिवस लागले लिहायला."

हे ऐकून आम्हाला एक जुनी गोष्ट आठवली. २००८ साली १६ डिसेंबरच्या विजय दिवसाला प्रमुख पाहुणे म्हणून आम्ही नानांनाच विनंती केली होती. ते म्हणाले, "दुसऱ्या कुणाला बोलवा." आम्हाला तो हेकेखोरपणा वाटला आणि आम्ही तसे बोलूनही दाखवले. त्या दिवशी मंचावरून आम्ही तेरा दिवसांचे युद्ध, ढाक्यातली शरणागती आणि ९३,००० युद्धकैदी यांवर जोरदार भाषण केले. नाना घरी होते.

जनरल नियाझी जनरल अरोरांसमोर सही करीत आहेत, तो ढाक्याचा फोटो आपण सर्वांनी पाहिलेला आहे. तो जपायला सरकार आहे, ग्रंथालये आहेत. वायरलेस सेटजवळच्या त्या तिघांना जपायला फक्त आपले घर आहे.

म्हणून आमचे स्पष्ट मत असे की शाळेने १६ डिसेंबरचे भाषण बंद करावे आणि तो तास मुलांना द्यावा. प्रत्येकाने घरातला एक जुना फोटो आणावा आणि चार ओळी सांगाव्यात: कोण, कुठे, केव्हा, आणि हे कोणी सांगितले. फोटो सैनिकाचाच हवा असे नाही. आपल्या इंदूरच्या कापड गिरणीत किंवा रेल्वेत राबलेल्या आजोबांचा चालेल, शिवणकाम करून घर चालवणाऱ्या आजीचाही चालेल. मूळ फोटो घरीच ठेवा, मोबाइलवर प्रत काढून आणा. मागे नावे लिहायची तर मऊ पेन्सिलीने, कडेला लिहा. बॉलपेनचा दाब पुढे उमटतो.

काही जण म्हणतील, ज्यांनी स्वतः सांगितले नाही त्यांचे का उकरायचे? हा आक्षेप रास्त आहे. मुलांनो, विचारा, पण आग्रह धरू नका. आजोबा "नको" म्हणाले तर त्यांच्याजवळ नुसते बसा. आमची चूक विचारण्यात नव्हती. आम्ही घरात कधी विचारले नाही आणि एकदम मंचावर बोलावले, तिथे चूक झाली.

पालकांना आणखी एक सांगायचे आहे. आमच्या मुलाला आजीचे अक्षर लागले, कारण लिपी एकच. पण "खुशालीचे पत्र धाडले" म्हणजे काय, हे त्याला आम्हाला विचारावे लागले. मराठी शाळेच्या मुख्याध्यापकाच्या घरातली ही गोष्ट सांगताना संकोच होतो. आमचे स्वतःचे महाविद्यालयीन शिक्षण हिंदीतून झाले; त्याची खंत नाही. पण घरातली पत्रे मराठीत आहेत आणि ती वाचणारे कमी होत चालले, तर ट्रंक माळ्यावर असून नसल्यासारखीच. विश्वस्तांनी मराठीच्या तासिकांचा विचार करताना हेही ध्यानात घ्यावे.

१९७१ साली वीस वर्षांचा असलेला जवान आज सत्तरीच्या पुढे आहे. या रविवारीच विचारा.

फोटोतल्या त्या मधल्या जवानाचे नाव आईला आठवत नाही. जबलपूरच्या सिग्नल अभिलेख कार्यालयाला आम्ही नानांचा सैनिक क्रमांक देऊन पत्र पाठवले आहे. उत्तराची वाट पाहत आहोत. नानांना विचारले असते तर त्यांनी ते नाव लगेच सांगितले असते.