बिनकामाची म्हणे!

वैद्यकशास्त्राला एक जुनी खोड आहे. अवयवाचं काम कळलं नाही की त्याला बिनकामाचा ठरवायचं आणि वाटेत आला की कापून मोकळं व्हायचं. छातीच्या मधल्या हाडामागे, हृदयाच्या पुढ्यात बसलेली थायमस ग्रंथी हे तिचं ठळक उदाहरण.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तर कहर झाला. शरीररचना शिकायला मिळणारे मृतदेह बहुतेक गरिबांचे. उपासमारीनं, दीर्घ आजारानं त्यांची थायमस आक्रसलेली. तेच तिचं खरं माप समजलं गेलं. मग अचानक दगावलेल्या धडधाकट बाळांची थायमस ‘फार मोठी’ वाटू लागली आणि मृत्यूचं खापर तिच्यावर फुटलं. ती आक्रसावी म्हणून अमेरिकेत हजारो तान्ह्या बाळांच्या छातीवर क्ष-किरण सोडले गेले. त्यातल्या काहींना पुढे थायरॉइडचा कॅन्सर झाला. आधी फाशी, मग चौकशी!

चौकशीची खरी सुरुवात १९६१ साली झाली. थायमस काढलेल्या नवजात उंदरांची प्रतिकारशक्तीच उभी राहत नाही, हे संशोधक जाक मिलर यांनी दाखवलं. १९६९ मध्ये जपानी संशोधकांना दिसलं की जन्मानंतर तिसऱ्या दिवशी थायमस काढली, तर उंदरिणीचं अंडाशय नष्ट होतं; तिचं शरीरच त्यावर उलटतं, हे पुढे कळलं. कारण थायमस प्रतिकार करणाऱ्या टी पेशी नुसत्या घडवत नाही. आपल्याच शरीरावर धावून जाणाऱ्या पेशी ती बाद करते आणि उरलेल्यांवर वचक ठेवणाऱ्या पेशीही तयार करते. या वचकवाल्या पेशींच्या शोधाला २०२५ चं नोबेल मिळालं.

एवढं होऊनही पालुपद तेच: ‘मोठेपणी ती चरबीच होते, गेली तर गेली.’ बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधल्या रुग्णांचा अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. शस्त्रक्रियेनंतर पाच वर्षांत थायमस काढलेल्या प्रौढांपैकी ८.१ टक्के दगावले. छातीची शस्त्रक्रिया होऊनही थायमस राहिलेल्यांपैकी २.८ टक्के. आधी संसर्ग, कॅन्सर किंवा ऑटोइम्यून (शरीर स्वतःवरच उलटण्याचा) आजार नसलेल्यांचा वेगळा हिशेब केला, तर थायमस काढलेल्यांत ऑटोइम्यून आजार १२.३ टक्क्यांना झाला; थायमस असलेल्यांत ७.९ टक्क्यांना. चरबी म्हणे!

यावर उत्तर तयार असतं: ही नुसती निरीक्षणं, यातून कारण सिद्ध होत नाही. मान्य. पण ज्यांनी ‘काही बिघडत नाही’ हे कधीच सिद्ध केलं नाही, त्यांनी पुरावा मागावा, हा कांगावा झाला. आणि मी शस्त्रक्रियेच्या विरोधात नाही. गाठ असेल तर थायमस काढावीच लागते. स्नायू दुबळे करणारा मायस्थेनिया ग्रॅव्हिस हा स्वतःच ऑटोइम्यून आजार. त्यात ती काढल्यानं रुग्ण सुधारतात, हे २०१६ च्या चाचणीत दिसलं. माझा राग आहे तो ‘आड येते’ एवढ्याच कारणानं निरोगी थायमस सरसकट कापण्यावर. जन्मजात हृदयदोष असलेल्या बाळांच्या शस्त्रक्रियेत हे नेहमीचं आहे. बाळाचं हृदय वाचायलाच हवं, पण जमेल तिथे थायमसचा तुकडा राखा. नाहीच जमलं तर आईबापांना सांगा आणि पुढची वर्षं त्या मुलाकडे लक्ष ठेवा.

निदान डिस्चार्ज कार्डावर एक ओळ लिहा: थायमस काढली, किती काढली. बिलात कापसाच्या बोळ्याचीसुद्धा नोंद असते. कापून टाकलेल्या अवयवाची नको?