कामगार कोण, कंत्राटदार कोण?

पगारी रजा, किमान वेतन, भविष्य निर्वाह निधी हे हक्क कायद्याने ज्याला 'कामगार' मानले त्याच्याच पदरी पडतात. स्वतंत्र कंत्राटदाराला ते नाहीत. साहजिकच राबणाऱ्याला कंत्राटदार म्हणण्याचा मोह मालकवर्गाला आवरत नाही.

ध्रांगध्रा केमिकल वर्क्सच्या मिठागरांतील आगरियांचा वाद 1956 साली सर्वोच्च न्यायालयाने निकालात काढला. आगरियांना वेळेचे बंधन नव्हते. उक्त्या दराने ते कुटुंबासह राबत, पदरच्या पैशाने मदतनीसही ठेवीत. तरीही कामावर कंपनीची देखरेख असल्याने ते कामगारच ठरले. नियंत्रणाची ही कसोटी योग्य होती. पण तिचे माप निश्चित नव्हते. पुढे काही वर्षांतच बिडी वळणाऱ्यांची दोन प्रकरणे त्याच न्यायालयापुढे आली. नागपूरचे मजूर कामगार ठरले. महाराष्ट्रातीलच शंकर बालाजी वाजे खटल्यातला मजूर मात्र ठरला नाही, आणि तोही बहुमताने.

ही विसंगती ओळखून न्यायालयाने दृष्टी व्यापक केली. 1973 च्या सिल्व्हर ज्युबिली टेलरिंग हाऊस खटल्यात नगावर शिवणारे शिंपी नोकर ठरले, कारण यंत्रे दुकानाची होती आणि नापसंत काम परत करण्याचा अधिकारही दुकानाचाच होता. 1978 च्या हुसेनभाई खटल्यात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी मधल्या कंत्राटदारांचा पडदा दूर सारून, कामगाराची उपजीविका कोणाच्या आर्थिक नियंत्रणाखाली आहे, हे पाहिले.

आज हाच वाद घरोघरी जेवण पोहोचविणाऱ्या तरुणांच्या रूपाने पुन्हा उभा आहे. 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेने 'गिग कामगारां'ची दखल घेतली खरी, परंतु पारंपरिक मालक-नोकर संबंधाबाहेरचे म्हणूनच. कामाच्या वेळा हे तरुण स्वतः निवडतात, असे कंपन्या सांगतात. ते खरे मानले, तरी वेळेचे बंधन आगरियांनाही नव्हते.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने प्रश्न सरळ आहे. कंत्राटदार आपला दर ठरवितो, जोखीम पत्करतो आणि नफाही घेतो. ज्याला दर ठरविता येत नाही, गिऱ्हाईक निवडता येत नाही, आणि वाहन व इंधनाचा खर्च मात्र सोसावा लागतो, त्याच्या वाट्याला केवळ जोखीम येते. अशा माणसाला कंत्राटदार म्हणावयाचे असेल, तर ते सिद्ध करण्याचा भार कंपनीवर टाकणे हाच न्याय्य मार्ग होय.