वाइनवरचा बहिष्कार आणि अणुबॉम्ब

बहिष्कार हा शब्द मराठी वाचकाला नवा नाही. बंगालच्या फाळणीच्या निषेधार्थ १९०५ साली पुण्यात विलायती कापडाची होळी झाली आणि स्वराज्य, स्वदेशी व राष्ट्रीय शिक्षण यांच्या जोडीने लोकमान्य टिळकांनी बहिष्काराला राजकारणात मानाचे स्थान दिले. तेव्हापासून दोन देशांत ठिणगी पडली की 'त्यांचा माल घेऊ नका' हाच विचार आपल्याला आधी सुचतो. २०२५ च्या मे महिन्यात तुर्कस्तानने पाकिस्तानची बाजू घेतल्यावर पुण्याच्या व्यापाऱ्यांनी तुर्की सफरचंदे नाकारली, तीही याच परंपरेला धरून. पण एका देशाच्या रागापोटी नव्हे, तर साऱ्या मानवजातीच्या काळजीपोटी बहिष्कार पुकारला गेला तर काय होते? जगाने हे १९९५ साली पाहिले.

त्या वर्षी १३ जूनला फ्रान्सचे नवे अध्यक्ष जाक शिराक यांनी दक्षिण पॅसिफिकमधील मुरुरोआ परिसरात आठ अणुचाचण्या करण्याचे जाहीर केले. आधीचे अध्यक्ष मितराँ यांनी १९९२ मध्ये चाचण्या थांबवल्या होत्या. शीतयुद्ध संपले होते आणि सर्वंकष चाचणीबंदी कराराची बोलणी जिनिव्हात चालू होती. अशा वेळी आलेल्या या घोषणेने जग संतापले. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, जपान आणि उत्तर युरोपातील अनेक ग्राहकांनी फ्रेंच वाइन घेणे सोडले. न्यूझीलंडची जखम तर जुनीच होती. १९८५ मध्ये ऑकलंड बंदरात फ्रेंच हेरांनी ग्रीनपीसचे 'रेनबो वॉरियर' हे जहाज बुडवले होते आणि त्यात एका छायाचित्रकाराचा बळी गेला होता.

तरीही ५ सप्टेंबरला पहिला स्फोट झाला. ताहितीमध्ये दंगल उसळली, विमानतळावर जाळपोळ झाली. २७ जानेवारी १९९६ रोजी सहावा स्फोट झाला आणि दोनच दिवसांनी शिराक यांनी चाचण्या कायमच्या संपल्याचे जाहीर केले. आठांऐवजी सहावरच काम थांबले. त्याच वर्षी फ्रान्सने चाचणीबंदी करारावर सही केली, १९९८ मध्ये त्याला मान्यता दिली आणि मुरुरोआचे चाचणी केंद्र मोडून टाकले.

हे सारे बहिष्कारामुळेच घडले, असे म्हणणे धाडसाचे ठरेल. सरकारांचा दबाव होताच. शिवाय हवी ती माहिती हाती आली, असे फ्रान्सचेही म्हणणे होते. पण त्या बहिष्काराला एक स्पष्ट मागणी होती: चाचण्या थांबवा. मागणी पुरी झाली आणि वाइन पुन्हा दुकानांच्या फळ्यांवर आली. राग एका कृतीवर होता, एका लोकसमूहावर नव्हता. खुद्द फ्रान्समधील बहुसंख्य लोकांचाही चाचण्यांना विरोध होता. अर्थात, विवेक सगळीकडे टिकला असे नाही. पर्थमध्ये फ्रान्सच्या वाणिज्यदूताची कचेरी जाळण्यात आली. शिवाय द्राक्षे पिकवणाऱ्या शेतकऱ्याने बॉम्ब केला नव्हता. वड्याचे तेल वांग्यावर निघाले, हे मान्य केलेच पाहिजे.

याच गोष्टीला आणखी एक बाजू आहे. १९९५ च्या मे आणि ऑगस्टमध्ये चीननेही अणुचाचण्या केल्या. निषेध झाला, पण चिनी मालावर तसा बहिष्कार पडला नाही. अणुबॉम्ब तर तितकाच घातक होता. मग फरक कशाचा? वाइनवाचून कोणाचे अडत नाही; स्वस्त कपडे, खेळणी यांच्यावाचून अडते. आपणही याला अपवाद नाही. २०२० मध्ये गलवानच्या संघर्षानंतर चिनी मालाविरुद्ध देशभर घोषणा झाल्या, काही ठिकाणी दूरचित्रवाणी संच फुटले. चीनकडून होणारी आयात मात्र २०२३-२४ मध्ये १०० अब्ज डॉलरच्या पुढे गेली. ज्याच्यावाचून अडत नाही तेच आपण टाकतो आणि त्याला त्याग म्हणतो.

दबावाखाली माणसे कशी वागतात, हेही आपल्याला ठाऊक आहे. मे १९९८ मध्ये पोखरणच्या स्फोटांनंतर अमेरिका, जपान आदी देशांनी आपल्यावर निर्बंध लादले. त्याने आपण नमलो नाही. उलट अभिमान अधिकच ताठ झाला. आपल्याला जे लागू, ते इतरांनाही लागू नाही काय?

आज तो चाचणीबंदी करार कोठे आहे? १९९६ पासून सह्या होत आहेत, पण तो अजून अमलात आलेला नाही. अमेरिका व चीनने सही केली, मान्यता दिली नाही. भारत, पाकिस्तान आणि उत्तर कोरिया यांनी सहीच केलेली नाही. रशियाने दिलेली मान्यता २०२३ मध्ये काढून घेतली. ही यादी पाहा: एकमेकांचे तोंड पाहायला तयार नसलेले हे देश एकत्र बसल्याखेरीज हा धोका टळणार नाही. हवामानाच्या संकटाचेही तेच. अणुयुद्ध काय किंवा तापणारी पृथ्वी काय, आपल्या नातवंडांचे भवितव्य नावडत्या शेजाऱ्याशी चालू राहणाऱ्या बोलण्यांवर अवलंबून आहे.

म्हणून बहिष्कार टाकूच नये, असे नाही. सामान्य माणसाच्या हाती जी थोडी साधने आहेत, त्यांतले हे एक. पण पिशवी घेऊन बाजारात निघालेल्याने स्वतःला तीन प्रश्न विचारावेत. माझी मागणी नेमकी कोणती? ती पुरी झाली की मी थांबणार का? आणि जे मी सोडतो आहे, ते सोडताना मला काही झळ बसते का? १९९५ च्या ग्राहकांकडे पहिल्या दोहोंची उत्तरे होती. तिसऱ्याचे उत्तर त्यांच्याकडेही नव्हते आणि आपल्याकडेही अजून नाही.